हसावे कोणास व खेळावे कोठवर?

हसणे आणि खेळणे या दोन गोष्टी मनुष्यास कोणी शिकवाव्या लागत नाहीत. तान्हे मूल बोलू लागण्यापूर्वी हसते आणि चालू लागण्यापूर्वी खेळते. शाळेत मुलांस वाचावयास, लिहावयास व गणिते सोडवावयास शिकवितात. परंतु हसण्याचा व खेळण्याचा विवेक शिकविणारा तास कोणत्याही वेळापत्रकात नसतो. ही दोन कामे मुले आपल्या आपण नीट करतील, असे गृहीत धरून वडील माणसे निश्चिंत असतात. पूर्वी ते बऱ्याच अंशी चालूनही जात असे. परंतु सांप्रत घरोघरी दूरचित्रवाणीवर विनोदाचे कार्यक्रम आणि हातोहाती मोबाइलवर व्हिडिओ गेम येऊन पोचले आहेत. आणि हसावे कोणास व खेळावे कोठवर, या प्रश्नांची उत्तरे आता आपोआप सुचेनाशी झाली आहेत. म्हणून वार्षिकाच्या या अंकात त्यांचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही हे कार्यक्रम पाहतो व पोट धरून हसतो, आणि मोबाइलवर सोंगट्या जुळवीत बसलो असता चुलीवरचे दूध उतू गेल्याचा अनुभव आमच्याही पदरी आहे.

योगायोग असा की, हे दोन्ही प्रश्न सन २०१९ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे गेले होते. त्या वर्षाच्या आरंभी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने एक अर्ज दाखल झाला. ‘पबजी’ या नावाने सर्वांस ठाऊक झालेल्या व्हिडिओ गेमवर बंदी घालावी, अशी त्यात मागणी होती. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात दुसऱ्या एका अर्जाचा निकाल लागला. तो आपल्या अलिबाग तालुक्यातील एका गृहस्थांचा होता. “अलिबागसे आया है क्या?” या चेष्टेच्या वाक्याने येथील रहिवाशांचा अपमान होतो, सबब त्याचा वापर थांबवावा, असे त्यांचे म्हणणे होते. एक अर्ज खेळाविरुद्ध आणि एक थट्टेविरुद्ध! एक मुलाचा, तर दुसरा प्रौढ माणसाचा. दोघांनीही जी मर्यादा घरात व समाजात सापडेना, ती कायद्याकडे मागितली. ती तेथे सापडली काय, हे पुढे पाहू. आपण किनाऱ्यावरील माणसे असल्यामुळे थट्टेचा अर्ज आपणांस अधिक जवळचा आहे. म्हणून प्रथम विनोदाचाच विचार करू.

विनोद

हिंदी चित्रपटांतून व करमणुकीच्या कार्यक्रमांतून हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आले आहे की, त्याचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. जो भोळसट आहे, ज्यास जगाची रीत ठाऊक नाही, त्याने अलिबागहून आले असले पाहिजे, असा त्यातील भाव आहे. आमच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मुंबईच्या महाविद्यालयात गेलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हांस सांगितले की, पहिल्या आठवड्यात कोणी गाव विचारले असता तो “मुंबईच्या जवळच” एवढेच उत्तर देत असे. मांडव्याच्या धक्क्यावरून गेटवेची लाँच पकडणारा मुलगा पलीकडे उतरताना आपल्या गावाचे नाव खिशात लपवून उतरतो, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी फार लागली. विनोद ही क्षुल्लक बाब आहे असे जे म्हणतात, त्यांनी या मुलाचा विचार करावा.

आता ज्या अलिबागेस लोक हसतात, ते कसे आहे? कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे ठिकाण होय. ज्यांच्या नावाचा वचक परदेशी व्यापाऱ्यांच्या जहाजांस होता, त्यांची समाधी येथे आहे. मुंबईस विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूचीवर विजेच्या प्रवाहाचा परिणाम होऊन पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडेल, अशी शास्त्रज्ञांस भीती पडली. त्यांनी शोध करून जी जागा निवडली, ती अलिबागची. लोखंडाचा स्पर्श टाळून बांधलेल्या येथील इमारतींत सन १९०४ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात आहेत, आणि जगातील शास्त्रज्ञ त्या नोंदींचा आधार घेतात. म्हणजे “अलिबागसे आया है क्या?” असे विचारणाराच या बाबतीत अजाण ठरतो. थट्टा पुष्कळदा अशीच असते. ज्याच्याविषयी आपणांस काही ठाऊक नसते, त्यास हसणे फार सोपे जाते.

न्यायालयाने अर्ज फेटाळला. प्रत्येक समाजावर विनोद होतच असतात, शीख बांधवांवर होतात, दक्षिणेकडील लोकांवर होतात, उत्तरेकडील लोकांवर होतात. त्यांत अपमान मानू नये, मजा घ्यावी, अशा आशयाचे मत खंडपीठाने व्यक्त केले. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. कोणत्या वाक्यास हसावे व कोणत्या वाक्यास हसू नये, हे पोलिसांनी ठरवू लागावे, यासारखी हास्यास्पद गोष्ट दुसरी कोणती असेल? परंतु न्यायालयाने दिले ते कायद्यापुरते उत्तर होय. त्या मुलाने गावाचे नाव का लपविले, याचे उत्तर न्यायालय देऊ शकत नाही. ते आपणच शोधावयाचे आहे.

विनोद निर्माण होतो तो विसंगतीतून. जे घडेल असे आपण धरून चाललो असतो, ते न घडता भलतेच घडते, आणि त्या भलत्याचीही एक गमतीदार संगती असते, तेव्हा हसू येते. छत्री शोधणारा मनुष्य ती काखेत धरूनच घरभर फिरतो, हे पाहून आपण हसतो. यात दुष्टपणा नाही, कारण उद्या आपलीही तीच गत व्हावयाची असते. दुसऱ्या प्रकारच्या विनोदात मात्र विसंगती शोधण्याचे श्रम नसतात. एक मनुष्य जाडा आहे, एक काळा आहे, एक तोतरा आहे, एकाचे बोलणे शहरी नाही. एवढ्यावरच तो विनोद उभा असतो. पहिल्या प्रकारात मनुष्याच्या वागण्यास हसतात, दुसऱ्या प्रकारात तो जसा जन्मला त्यास हसतात. वागणे सुधारता येते. जन्मास काय करणार?

समर्थांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या पदरी टाकली आहे, तर पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांत आनंदी अंतःकरणास उत्तम औषधाची उपमा दिली आहे. ही दोन्ही वचने आम्हांस परस्परविरोधी वाटत नाहीत. समर्थ ज्यास उद्देशून बोलतात ती टवाळी, आणि नीतिसूत्रकार ज्याविषयी बोलतो तो आनंद, असा हा भेद आहे.

मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात या दोहोंपैकी चांगल्या प्रकाराची उदाहरणे पुष्कळ आहेत. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आळीत एखाद्याच घरी टीव्ही असे आणि त्या घरच्या ओटीवर सगळी आळी मांडी घालून बसे, हे आमच्या पालकांपैकी अनेकांस स्मरत असेल. त्या काळी चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून केलेली ‘चिमणराव’ ही मालिका लोकांस अतिशय प्रिय झाली. दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ ही जोडी ज्यांनी पाहिली, ते ती विसरले नाहीत. यातील विनोदाचे मर्म असे की, चिमणराव स्वतःचीच फजिती सांगतो. हसणारा व ज्यास हसावयाचे तो, असे दोन पक्ष तेथे पडत नाहीत. पुढे नव्या शतकाच्या आरंभी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. तीत आजोबा, मुलगा-सून व नातवंडे अशा तीन पिढ्या एका छपराखाली नांदत, आणि प्रत्येक भागात त्यांच्यापैकी कोणाची तरी खोड उघडी पडे. परंतु भाग संपताना त्या माणसाविषयीची माया मात्र वाढलेली असे. सन २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ व सन २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमांनी लहान नाटुकल्यांची रीत घरोघरी नेली. खेड्यापाड्यांतून आलेल्या कलावंतांस त्यांच्या मूळच्या बोलीसह रंगमंचावर मान मिळाला, ही या कार्यक्रमांची आम्हांस मोठी कमाई वाटते. दिवसभर जाळे ओढून किंवा बागेत नारळ-सुपारीची राबणूक करून आलेला मनुष्य रात्री तासभर मनमोकळे हसतो, यास आम्ही कमी लेखणार नाही.

परंतु जो पदार्थ रोज वाढावयाचा, त्यात कधी कधी भेसळ होतेच. आठवड्यातून अनेक रात्री लोकांस हसविण्याचे काम पत्करले म्हणजे लेखकास रोज नवी विसंगती कोठून सुचणार? मग सोपा मार्ग जवळचा वाटतो. कोणाच्या तरी रंगास, अंगास किंवा बोलण्यास हात घातला की हशा पिकतो. त्यातून आणखी एक युक्ती अशी की, पडद्यामागून येणारा हशा नेहमी खरा असतोच असे नाही. अमेरिकेत सन १९५०च्या सुमारास चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने ध्वनिमुद्रित हास्य हवे तेव्हा मिसळता येईल असे यंत्र तयार केले, आणि तेव्हापासून ही चाल जगभर पसरली. चार माणसे हसू लागली की पाचव्यासही हसू येते, हा मनुष्यस्वभाव त्या यंत्राने हेरला. विद्यार्थ्यांनी एखादे दिवशी हा प्रयोग करून पाहावा. कार्यक्रम चालू असता आवाज बंद करावा आणि आपणांस खरोखर किती वेळा हसू येते ते मोजावे. जे हसू आवाजाशिवायही येते, ते आपले, बाकीचे उसने.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने बोलीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. आगरी व कोळी बोली कानी पडताच हसावयाचे असते, अशी समजूत शहरी मंडळींत काही अंशी आहे, आणि करमणुकीच्या कार्यक्रमांनी ती कधी वाढविली, कधी कमीही केली. या बाबतीत दक्षिण कोकणाचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेल्या व मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेल्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने सन १९८० पासून हजारो प्रयोगांत मालवणी बोलीतून लोकांस हसविले. लोक मालवणीस हसले नाहीत, मालवणीतून हसले. गावच्या नाटकवेड्या मंडळींची फजिती दाखविणारा लेखक त्याच मातीतला होता व त्यास त्या फजितीचा अभिमान होता. त्या नाटकानंतर मालवणी बोलणाऱ्यास मुंबईत तोंड लपविण्याचे कारण उरले नाही. आपल्या आगरी-कोळी मुलांपैकी कोणी उद्या असे काही लिहील, तर त्या एका लेखणीने जे होईल, ते दहा अर्जांनी होणार नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. आपणांस “अलिबागसे आया है क्या?” हे वाक्य झोंबते, परंतु घाटावरून बदली होऊन आलेल्या शिपायाचा किंवा शिक्षकाचा मुलगा वर्गात नवीन बसतो, तेव्हा त्याच्या बोलण्याची नक्कल मधल्या सुट्टीत कोण करते? वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातील मुलीस टोपणनाव कोण ठेवते? रात्री टीव्हीवर ऐकलेले वाक्य सकाळी कोणाच्या तरी पाठीस चिकटते आणि वर्ष संपेपर्यंत सुटत नाही, हे प्रत्येक वर्गशिक्षकास ठाऊक आहे. न्यायालयाने म्हटले ते या अर्थाने खरे आहे की, प्रत्येकावर विनोद होतो. मग प्रत्येकाने दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या दुःखावरून ओळखावयास नको काय?

यासाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. ज्याच्यावर विनोद चालला आहे, तो मनुष्य या क्षणी आपल्या शेजारी चटईवर बसला आहे, असे मनात आणावे. तो आपल्याबरोबर हसेल काय? हसेल, तर खुशाल हसावे. तो मान खाली घालील असे वाटले, तर तो विनोद नव्हे.

खेळ

आता दुसऱ्या अर्जाकडे वळू. गंमत अशी की, मुंबईस दूरदर्शन आले त्याच सन १९७२ मध्ये अमेरिकेत अटारी या कंपनीने ‘पाँग’ नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. पडद्यावर दोन उभ्या रेघा व एक ठिपका, एवढाच तो टेबलटेनिसचा खेळ. पण लोक त्यावर तुटून पडले. पुढे सन १९८० मध्ये जपानात ‘पॅक-मॅन’ झाला. सन १९८४ मध्ये मॉस्को येथील अलेक्सी पाजित्नोव्ह या संशोधकाने पडणारे ठोकळे जुळविण्याचा ‘टेट्रिस’ रचला. सन १९८५ मध्ये मिशीवाल्या ‘सुपर मारिओ’चा खेळ आला. आपल्याकडील पालकांच्या पिढीस पहिली ओळख झाली ती बहुधा नोकियाच्या फोनमधील सापाची. तो साप सन १९९७ मध्ये त्या फोनवर प्रथम आला. त्यानंतर पडदा मोठा झाला, रंग आले, जाळे जगभर पसरले, आणि सन २०१८ मध्ये ‘पबजी’ मोबाइलवर आला. यात शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात व एकमेकांस मारीत जातात. जो शेवटी उरेल तो जिंकतो.

व्हिडिओ गेम म्हणजे सर्वस्वी वाईट, असे आमचे मत नाही. पटावरचे खेळ आपल्याकडे फार जुने आहेत. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, तो ज्ञानदेवांनी रचला असे परंपरा सांगते. शिडी पुण्याची व साप पापाचा, असे शिक्षण त्यात खेळता खेळता मिळे. आजच्या खेळांतही ‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळात मुले ठोकळ्यांची घरे, किल्ले व पूल बांधतात, आणि त्यांत कल्पकता व चिकाटी दोन्ही लागतात. मोबाइलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या चौलच्या मुलास दूरदेशीचा प्रतिस्पर्धी घरबसल्या मिळतो, हे पूर्वी शक्य नव्हते. पुण्यातील काही तरुण कलावंतांनी ‘राजी’ नावाचा गेम सन २०२० मध्ये जगापुढे ठेवला. आपल्या लहान भावास सोडविण्यास निघालेली एक सर्कशीतील मुलगी त्याची नायिका आहे, आणि आपल्या पुराणांतील देवदेवता व जुन्या चित्रशैली त्यात वापरल्या आहेत. चित्रकला, संगीत, गणित व कथा ही सर्व ज्यात एकत्र येतात, तो धंदा हुशार विद्यार्थ्यांनी हलका मानू नये. खेळ खेळण्याइतकाच तो घडविण्यात आनंद आहे, हे त्यांस कोणी तरी सांगितले पाहिजे.

मग अडचण कोठे आहे? आमच्या मते ती खेळाच्या शेवटात आहे. किंवा शेवट नाही, यात आहे. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या हे खेळ सूर्य मावळला म्हणजे संपत. वाळूवरचे क्रिकेट भरती आली की संपे. समुद्र स्टम्प घेऊन जाई, मग कोण खेळणार? टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रमही ठरलेल्या वेळी आटोपतो. मोबाइलमधील खेळास मात्र ना सूर्यास्त ना भरती. एक डाव संपताच दुसरा उभा असतो. रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस, एक दिवस चुकविल्यास तोटा. अमुक तारखेपर्यंतच मिळणारी वस्तू. आपण निघालो तर चमूतील मित्र हरतील ही लाज. अशा अनेक दोऱ्यांनी खेळाडूस बांधून ठेवण्याची योजना त्यात असते. यांत सर्वांत बळकट दोरी अनिश्चित बक्षिसाची. प्रत्येक पेटी उघडताना काही मिळेल किंवा मिळणार नाही. दरवेळी मिळते तेथे मनुष्य कंटाळतो. कधीच मिळत नाही तेथे सोडून देतो. केव्हा मिळेल याचा नेम नसतो, तेथे तो पुन्हा पुन्हा हात घालतो.

ही आशा कोळ्याच्या मुलास समजावून सांगावयास नको. जाळे टाकताना त्याच्या बापासही तीच वाटते. भेद एवढाच की, समुद्र कोणास धरून ठेवण्याच्या हेतूने बनविलेला नाही, आणि अनुभवी तांडेल भरती-ओहोटी व वारा पाहून वेळेवर होडी माघारी वळवितो. दरसाल जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, बाहेर पावसाची झड लागलेली असते. अशा वेळी घरोघरी मोबाइलचा प्रकाश मध्यरात्रीनंतरही दिसतो, असे पालक आम्हांस सांगतात. बापाची होडी कायद्याने दोन महिने विसावा घेते. मुलाच्या बोटांस मात्र विसावा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात या व्यसनाची नोंद केली असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात सांगितलेली लक्षणे पालकांनी नीट समजून घेतली पाहिजेत, कारण जास्त वेळ खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. केव्हा खेळावे, किती खेळावे व केव्हा थांबावे, यावरील ताबा सुटणे, हे पहिले लक्षण. अन्न, झोप, अभ्यास, मित्र या सर्वांहून खेळास अधिक महत्त्व येणे, हे दुसरे. आणि नुकसान होत आहे हे दिसत असूनही खेळ चालूच ठेवणे किंवा वाढविणे, हे तिसरे. ही स्थिती साधारणपणे बारा महिने टिकली व तिने जीवनक्रमात मोठा बिघाड केला, तरच तिला विकार म्हणावे असे तज्ज्ञ सांगतात. तशी शंका आल्यास मारझोड किंवा शिव्याशाप न करता वैद्याकडे जावे. ताप आला म्हणून कोणी मुलास मारीत नाही.

बंदीने हे काम होईल काय? ‘पबजी’चीच हकिकत बोधप्रद आहे. त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या अर्जावर न्यायालयाने केंद्र सरकारच्या खात्यास खेळाची तपासणी करण्यास सांगितले. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ‘पबजी मोबाइल’वर खरोखरीच बंदी घातली; परंतु तिचे कारण मुलांचा अभ्यास नव्हे, तर देशाची सुरक्षितता व लोकांच्या माहितीचे रक्षण हे होते. त्या दिवशी एकशे अठरा अॅपांवर एकदम बंदी आली. मुले हळहळली, पालकांनी सुस्कारा टाकला. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हे नवे नाव धारण करून परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला. मे २०२३ मध्ये पुन्हा प्रकटला. जी मुले या मधल्या काळात थांबावयास शिकली, ती वाचली. जी केवळ वाट पाहत बसली, ती खेळ परत येताच होती तेथे आली.

पैसे लावून खेळावयाच्या खेळांची गोष्ट निराळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा संमत करून अशा ऑनलाइन खेळांस मनाई केली आणि ई-स्पोर्ट्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कौशल्याच्या स्पर्धांस उत्तेजन देण्याचे ठरविले. जुगार हा जुगारच. तो मोबाइलवर खेळला म्हणून शहाणा होत नाही. तेथे कायद्याने आडवे येणे आम्हांस सर्वस्वी इष्ट वाटते. परंतु कायदा दार लावू शकतो. उघड्या दारातून वेळेवर घरी परतण्याची सवय तो लावू शकत नाही.

म्हणून खेळासही आम्ही एकच कसोटी लावतो. हा खेळ मला सोडतो काय? आईने जेवावयास हाक मारली असता, डाव अर्धा टाकून, न चिडता मी उठू शकतो काय? उठू शकत असेन, तर मी खेळत आहे. उठू शकत नसेन, तर खेळ मला खेळवीत आहे.

पालकांस व विद्यार्थ्यांस

पालकांस आमची विनंती थोडी आहे. जेवणाच्या ताटाशी स्वतः मोबाइल घेऊन बसणाऱ्या बापाचा उपदेश मुलगा ऐकत नाही. तेव्हा नियम करावयाचा तो सर्व घरासाठी करावा. रात्री ठरावीक वेळेनंतर सर्वांचे फोन, वडिलांचाही, एका फडताळात राहतील, असे करून पाहावे. मुलगा कोणता खेळ खेळतो हे न विचारता त्यास नावे ठेवू नयेत. एकदा त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडून तो शिकावा. आपण हरलो म्हणजे तो हसेल, आणि त्या हसण्यातून जी जवळीक होईल, तिच्या बळावर “आता पुरे” हा शब्द त्यास मान्य होईल. विनोदी कार्यक्रमही एकत्र बसून पाहावेत, आणि एखादी थट्टा खटकली तर “ही मला आवडली नाही” असे मुलांदेखत म्हणावे. मुले ते विसरत नाहीत.

विद्यार्थ्यांस सांगावयाचे ते असे. न्यायालयात गेलेल्या त्या दोन अर्जदारांपैकी एक जवळजवळ तुमच्याच वयाचा होता. त्याचे धैर्य आम्हांस मोठे वाटते. परंतु जे त्यास न्यायालयाकडे मागावे लागले, ते तुम्हांस स्वतःकडे मागता येईल. हसण्याची मर्यादा शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहून कळते, आणि खेळण्याची मर्यादा आईच्या हाकेवरून कळते. या दोन्ही गोष्टींस ना वकील लागतो, ना मुद्रांक.

आणि आमचा तो माजी विद्यार्थी? दिवाळीच्या सुट्टीत तो पुन्हा भेटला. वर्गात एकाने त्यास तेच ठरीव वाक्य ऐकविले, तेव्हा त्याने शांतपणे “हो, तेथूनच आलो आहे” असे म्हटले आणि चुंबकीय वेधशाळेची हकिकत सांगितली. पुढच्या रविवारी वर्गातील चौघे जण लाँचने त्याच्याकडे आले, घरचे आंबोळीचे जेवण जेवले, ओहोटी पाहून कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जाऊन आले. परतताना त्यांपैकी एकाने धक्क्यावर उभे राहून ते वाक्य पुन्हा म्हटले, आणि या वेळी पाचही जण एकदम हसले.